उजव्या हाताचं दार

त्या वर्षी आमच्या घरात माझ्या लग्नापेक्षा एका बसची काळजी जास्त वाहिली गेली, आणि याबद्दल मी त्या बसची आजही आभारी आहे. मॅट्रिक झालेली मुलगी घरात आहे, तिचं पुढे काय करायचं, हा विषय आई रोज संध्याकाळी काढायची आणि दादा रोज तो बसवर नेऊन सोडायचे. खिडक्या किती, बाकं किती, टपावर सामान चढवायची शिडी मागे की बाजूला. दादा म्हणजे माझे वडील. सरकारी मोटार कारखान्यात ते नक्शेनवीस होते, म्हणजे नकाशे काढणारे. मल्हारगंजात एका अत्तरवाल्याच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या होत्या आणि वर अख्खी गच्ची. समोरच्या हलवायाकडे सकाळी कचोरी तळली जायची, खाली अत्तराच्या कुप्या उघडायच्या, आणि दोन्ही वास जिन्यात एकमेकांत मिसळून वर यायचे. पाहुण्यांना त्याने मळमळायचं, आम्हाला मात्र भूक लागायची.

कारखाना म्हटल्यावर कुणी चिमण्या आणि भोंगे डोळ्यांपुढे आणू नयेत. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि जुन्या बग्गीखान्यावरची पाटी उतरवून तिथे मोटार निर्माणाची पाटी लागली. आतली माणसं तीच. काल बग्गीच्या चाकांना धाव चढवणारे लोहार आज मोटारीचे कारागीर झाले, आणि कालपर्यंत घोड्यांच्या चंदीची व्यवस्था बघणारे कारकून उत्पादन विभागात बसले. इंजिन, चाकं आणि स्टिअरिंगसकट खालचा सांगाडा परदेशातून बोटीने यायचा. त्यावर आपण लाकूड आणि पत्रा बसवायचा, आणि त्याला मोटार तयार केली असं म्हणायचं. आज हे वाचून हसू येईल, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. खासगी मालकांच्या बसगाड्या सरकारने नुकत्याच ताब्यात घेतल्या होत्या. त्यांतल्या काही लढाईच्या काळात कोळशाच्या भट्टीवर चालवलेल्या, चढ आला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावणाऱ्या. आता जनतेची गाडी जनतेच्या कारखान्यात बनणार, असं दादा जेवताना पाटावर ताठ बसून म्हणायचे. आई म्हणायची, "जनतेला आधी कढी वाढू का? थंडी होऊन रायली."

पुढे संसारात आम्ही स्कूटरसाठी नंबर लावून सात वर्षं थांबलो. नंबर लागला तोवर ह्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेला होता, म्हणून गाडी भाच्याला दिली. रांगेतले बाकीचे लोक सरकारच्या नावाने बोटं मोडायचे तेव्हा मला गंमत वाटायची. या सगळ्या कारभाराचं बारसं मी आमच्या गच्चीवरून पाहिलेलं होतं, आणि पाळणा हलवायला माझाही हात होता.

कारखान्यातले मुख्य सुतार भागीरथ मिस्त्री. महाराजांच्या शेवटच्या बग्ग्या त्यांच्या हातच्या. त्यांना अक्षर एक येत नसे, पण नकाशावर बोट फिरवून ते लाकडाचा जाडपणासुद्धा सांगत. रविवारी सकाळी ते शंका विचारायला घरी यायचे. खुर्चीवर कधी बसले नाहीत, उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसायचे. आई पोह्यांची बशी पुढे करायची आणि ते न चुकता म्हणायचे, "बेनजी, सेव थोड़ी और." मग दादा आणि ते दोघं नकाशावर ओणवे व्हायचे आणि तासभर आम्हाला त्या खोलीतून चालायलासुद्धा जागा नसायची. मला ते 'बेटी' म्हणत आणि मी त्यांना मिस्त्रीजी. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर होता, पण तो न शिकलेल्या माणसाबद्दल मॅट्रिक झालेल्या मुलीला असतो तेवढाच. म्हणजे फार नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मध्यभारताची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला असे. दोन संस्थानांना एकत्र नांदवायचं तर दोघांकडे आलटून पालटून राहायला जायला हवं, हा त्यामागचा विचार. मोठ्या घरातली थोरली आणि धाकटी सून जसं सासूला सहा-सहा महिने वाटून घेतात, तसाच प्रकार. फरक इतकाच की सरकार आपल्याबरोबर पेटारेही न्यायचं. फायली, शिक्के, शाईच्या दौती, साहेबांच्या उशा, सगळं पेटाऱ्यांत भरून आगगाडीत चढायचं. ज्याची फाईल पेटारे बंद व्हायच्या आत मंजूर झाली नाही त्याने पुढच्या मोसमाची वाट बघायची. दादांच्या बसच्या नकाशाचे असे दोन मोसम गेले होते. पहिल्यांदा तो परत आला, कारण त्यावरचे शब्द इंग्रजीत होते. ते हिंदीत हवेत, असा नवा हुकूम. पण मडगार्डला हिंदीत काय म्हणायचं आणि दार हे 'द्वार' की 'दरवाजा', यावर समिती बसली आणि बसूनच राहिली. शेवटी तोड निघाली की मूळ नकाशावर एकही शब्द नको. मुका नकाशा छापून मंजुरीला पाठवा. समितीचे शब्द ठरले की मंजुरीनंतर ते छापील प्रतीवर हाताने लिहिले जातील. दादांनी आयुष्यात काढलेला सगळ्यात देखणा नकाशा असा मुका झाला.

त्या वर्षी पेटारे बंद व्हायला दोन दिवस उरले आणि ऑफिसातल्या छापायच्या चौकटीची काच फुटली. नव्या काचेला मंजुरी हवी, आणि मंजुरीचा शिक्का पेटाऱ्यात. तेव्हा दादांनी ती गोष्ट केली जी त्यांनी कधीही केली नव्हती. सरकारी नकाशा गुंडाळून, जुन्या धोतराच्या पिशवीत घालून, ते घरी घेऊन आले. नकाशा कचेरीबाहेर नेणं हा गुन्हा होता, नोकरी जाण्याइतका. आई दार लावून म्हणाली, "अहो, कुणी देखलं तर?" दादा म्हणाले, "एक धूप लागलं की काम झालं. सिंधू करून देईल." मला ते काम येत होतं. दादांची जुनी लहान चौकट घरी होती आणि शाळेतल्या फुलापानांचे छाप मी त्यात घेत असे. काचेखाली नकाशाचं पारदर्शक कापड, त्याखाली मसाला लावलेला कागद, मागून फळी घट्ट, आणि मग उन्हात धरायचं. उन्हाने कागद रंग बदलतो, पाण्यात धुतला की निळा होतो, आणि रेघा पांढऱ्या राहतात. नियम एकच, शाईची बाजू काचेकडे. कागद एकच उरला होता.

दादा खाली वळकटी बांधत होते, कारण या वेळी त्यांनाही थंडीभर ग्वाल्हेरला जायचं होतं. मी गच्चीवर एकटी, शेजारी आईने वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या. माझ्या डोक्यात एक हुशारी आली. शाई काचेकडे ठेवली की शाई आणि कागद यांच्यामध्ये कापडाची जाडी येते, म्हणून रेघ किंचित फुगते. तीच शाई कागदाला चिकटून ठेवली तर रेघ सुईसारखी येईल. विज्ञानात मला चांगले गुण होते. मी कापड उलटं घातलं. उलट्या कापडाने नकाशाही उलटा छापतो, डावं ते उजवं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्यावर अक्षरंच नव्हती, आणि अक्षरं उलटी दिसली नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे असं माझ्या डोळ्यांना वाटलं. परातीत प्रत धुऊन मी दोरीवर टांगली. दादा वर आले, ओल्या रेघांजवळ डोळे नेऊन बराच वेळ नुसती रेघच बघत राहिले आणि म्हणाले, "इतकी साफ प्रत मी वीस वर्षांत काढली नाही गं!" त्या शाबासकीने मी दोन दिवस हवेत होते. आनंद खरा होता, म्हणून तोही इथे लिहून ठेवते.

प्रत ग्वाल्हेरला गेली. तिच्यावर पाच शिक्के बसले, समितीचे शब्द सुरेख अक्षरात लिहिले गेले, आणि उजव्या बाजूच्या दारावर कुणीतरी शांतपणे 'प्रवेशद्वार' असं लिहिलं. ती टपालाने इंदूरच्या कारखान्यात आली. दादांनी पुन्हा ती पाहिली नाही, कारण ग्वाल्हेरला त्यांना बसच्या कामाला लावलंच नव्हतं. फायली ठेवायच्या नव्या पेटाऱ्यांचे नकाशे ते थंडीभर काढत बसले.

एका दुपारी भागीरथ मिस्त्री घरी आले. आई शेजारी कुणाकडे तरी गेली होती. मी खुर्चीत कादंबरी वाचत होते, बाजूला वाटीत गरम गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी. मिस्त्रींनी काखेतला नकाशा जमिनीवर पसरला आणि विचारलं, "बाबूजी कब आएँगे, बेटी?"

"होली के बाद. क्यों?"

"दरवाजा सीधे हाथ पे आ रिया है." त्यांचं बोट उजव्या बाजूच्या दारावर होतं. "गाड़ी तो सड़क के बाएँ चलेगी. सवारी बीच सड़क पे उतरेगी कई? पीछे से ताँगा आया तो?"

मी नकाशाकडे पाहिलं. पाच शिक्के होते, सुबक हिंदी होती आणि माझ्या सुईसारख्या रेघा होत्या. एक क्षण मलाही शंका आली, हे आठवतं. पण खुर्चीवर मी बसले होते आणि जमिनीवर ते.

"मिस्त्रीजी, पाच-पाच मोहर लगी है," मी म्हटलं. "बड़े-बड़े लोगों ने देखा है. नई गाड़ी है, नया ढंग होगा. आपने आज तक बग्गी बनाई, आपको कैसे पता?"

मिस्त्रींनी नकाशावरचं बोट उचललं. "साहब भी येई बोले, मोहर देख लो," असं म्हणून त्यांनी तो गुंडाळला. "ठीक है बेटी, तू पढ़ी-लिखी है." मी त्यांना गराडूसुद्धा विचारला नाही. दादांना पत्र लिहिताना ही गोष्ट लिहायची राहिली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ती राहिली नव्हती, मी गाळली होती.

पुढचे तीन महिने ती बस कारखान्यात सगळ्यांच्या देखत उभी राहिली. उजव्या अंगाला दार असलेली बस लोहारांनी पाहिली, रंगाऱ्यांनी पाहिली, कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी रोज सकाळी पाहिली. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की यामागे काही धोरण असेल. राजधानी उन्हाळ्यासाठी इंदूरला परतली, तिच्याबरोबर दादा आले, आणि दुसऱ्याच दिवशी राजवाड्यासमोर उद्घाटन. मांडव डाव्या बाजूला घातला होता. मंत्री कात्री घेऊन उभे राहिले तर समोर सलग पत्रा. फीत होती, हार होते, दार नव्हतं. मग मंत्री बसला वळसा घालून पलीकडे गेले, रहदारीत उभे राहून आत चढले, आणि खिडकीतून हात जोडून नव्या दिशेबद्दल चार शब्द बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक टांगेवाला ओरडला, "भिया, उतरोगे कहाँ से?" त्याला शिपायाने गप्प केलं. मी दादांकडे पाहिलं. उन्हातसुद्धा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी जाहीर झाली. दादांनी मूळ नकाशा कपाटातून काढून खिडकीशी धरला. तो आमच्याकडेच राहिला होता, परत नेऊन ठेवायची संधीच मिळाली नव्हती. त्यांनी तो सुलटा धरला, मग उलटा धरला. मीच म्हणाले, "दादा, मी शाई कागदाकडे केली होती. रेघ चांगली यावी म्हणून." त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आई शिकलेली नव्हती, पण त्या दिवशी कारखान्यातल्या कुठल्याही माणसापेक्षा तिचं डोकं वेगाने चाललं. "नकाशा घरी आणला हे कळलं तर तुमची नोकरी जाईल," ती म्हणाली, "आणि पोरीचं नाव कचेरीत जाईल ते वेगळंच. मग तिला कोण करेल? मिस्त्रीच्या हाताला कुठेही काम मिळतं. तुमच्या पेन्सिलीला कोण विचारतं?" दादांनी हातातला नकाशा खाली ठेवला. मग मला म्हणाले, "चौकट काढ."

या वेळी मी शाई काचेकडे ठेवली. सकाळचं ऊन उत्तम होतं. पाचही शिक्के पेटाऱ्यांतून इंदूरला आलेलेच होते, आणि मोठ्या साहेबांनीच ते पाठीमागच्या तारखेने मारून दिले, कारण तीन महिने ती बस त्यांनीही पाहिली होती आणि त्यांनाही पेन्शन हवं होतं. शब्द दादांनी स्वतः लिहिले. जुनी प्रत साहेबांनी आणून दिली, ती आमच्या बंबात गेली, आणि तिच्यावर माझं आंघोळीचं पाणी तापलं.

चौकशीत काय झालं ते दादांनी संध्याकाळी सांगितलं. मिस्त्रींपुढे नवी प्रत ठेवली. ते तिच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, नकाशात दार डावीकडे असून तू उजवीकडे कसं केलंस? मिस्त्री म्हणाले, "गलती हो गई." शंका आली नाही का? "आई थी, साहब." मग कुणाला विचारलं? मिस्त्रींनी मान हलवली. "किसी से नहीं पूछा."

"इतकं सहज कबूल केलं," दादा म्हणाले. "सुटलो आपण." आई उठून देवाला साखर ठेवून आली. मिस्त्रींची नोकरी गेली. बसला डावीकडे नवं दार कापलं, उजवीकडचं खिळे ठोकून बंद केलं, आणि वार्षिक अहवालात ती दोन दरवाजांची गाडी म्हणून नोंदली गेली.

मला जेवण गेलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी माझं नाव घेतलं असतं तर खरी गोष्ट तिथल्या तिथे बाहेर आली असती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आठवडाभराने मी त्यांना शोधत गेले. आमच्याच मल्हारगंजात, दोन गल्ल्या पलीकडे, एका दुकानाच्या ओट्यावर ते शाळेची बाकं बनवत होते. मी म्हटलं, "मिस्त्रीजी, मी खरं सांगते. साहेबांना जाऊन सांगते की तुम्ही मला विचारलं होतं." रडू आल्यामुळे मराठीत बोलले. त्यांना ते सगळं समजलं.

त्यांनी रंधा थांबवला नाही. "कचेरी में बेटियों का नाम नी लेते," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बाबूजी को मत बताना कि मैं पूछने आया था. उनको बुरा लगेगा." मला तिथे उभं राहवेना. घरी आले. आईने दालबाफले केले होते. मी जेवले, आणि दुसऱ्यांदा तूप मागून घेतलं. सतरा वर्षांच्या मुलीला भूक लागते, एवढंच त्याचं कारण. पण त्या तुपाची आठवण मला आजही लाजवते.

मिस्त्रींचं सांगणं मी पाळलं. ते सोयीचंही होतं. दादा पुढे मोठे नक्शेनवीस झाले, हार घालून निवृत्त झाले, आणि शेवटची दोन वर्षं माझ्याकडे, अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या घरी राहिले. एकदा दुपारी, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या बघता बघता, ते स्वतःहून त्या विषयावर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"आपण त्या माणसाचं वाईट केलं, सिंधू," ते म्हणाले. "पण चूक त्याचीही होती. इतका जानकार मिस्त्री, त्याला दिसलं नसेल का? त्याने एकदा घरी येऊन विचारलं असतं तर सगळं टळलं असतं."

मी म्हटलं, "हो ना, दादा." आणि त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली.